मदत हवी आहे : हायस्कूलच्या मुलांना इतिहास शिकवताना रेडिओवरची जुनी भाषणं कशी वापरावीत?

वहीचं_शेवटचं_पान

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. दहावीच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा अख्खा धडा आहे. त्यात आकाशवाणी येते. पण मुलं ‘१९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले’ एवढं पाठ करतात आणि पुढच्या धड्याला लागतात. आठवीला बेचाळीसच्या चळवळीत उषा मेहता आणि आझाद रेडिओ दोन ओळींत उरकतात. नववीला आणीबाणी आहे, तिथं तर रेडिओचं नावच निघत नाही. म्हणून या वर्षी ठरवलंय, रेडिओबद्दल नुसतं सांगत बसायचं नाही, रेडिओच ऐकवायचा.

सुरुवात ३० जानेवारी १९४८ च्या रात्री नेहरूंनी केलेल्या भाषणानं केली. आमच्या वर्गावर पत्रा आहे, शेजारी पाचवीचे पाढे चालू असतात. ब्लूटूथ स्पीकर कपाटावर ठेवला, तर आवाज पत्र्यावर आपटून घुमायला लागला. त्यात इंग्रजी भाषण आणि मागं खरखर. पोरं शहाणी, गप्प बसली. संपल्यावर विचारलं, काय वाटलं? ‘भारी वाटलं मॅडम.’ बरं, भारी म्हणजे काय? तर गप्प.

माझी खरी अडचण आवाजाची नाहीच, हे ‘भारी वाटलं’ आहे. दुःखी आवाज ऐकून मुलांना भरून येतं, ते येऊ दे. पण ताम्रपट किंवा पत्र समोर आल्यावर आपण जसं विचारायला शिकवतो, की हे कुणी लिहिलं, कुणासाठी, कशासाठी, तसं ध्वनिफितीबद्दल कसं विचारायला लावायचं? पस्तीस मिनिटांच्या तासात नेमकं काय ऐकवायचं आणि किती? इंग्रजी भाषणांचं काय करायचं? कुणी असा प्रयोग केला असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

जुना_ट्रान्झिस्टर

वा, छान विषय! आमच्याकडे बिनाका गीतमालेच्या वेळी गल्लीत शुकशुकाट असायचा. ते दिवस गेले.

चष्मा_कपाळावर

ट्रान्झिस्टरराव, गीतमालेचा वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो.

ताई, मी निवृत्त शिक्षक. आधी एक सांगतो, नेहरूंचं ते भाषण पहिल्यांदा लावू नका. ते इतकं हलवून टाकणारं आहे की प्रश्न विचारणं मुलांना पाप वाटतं. सुरुवात १२ नोव्हेंबर १९४७ पासून करा. त्या दिवशी गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर गेले, आयुष्यात एकदाच. दिवाळी होती. कुरुक्षेत्राच्या छावणीत फाळणीचे निर्वासित होते आणि त्यांना तिथं प्रत्यक्ष जाता आलं नव्हतं, म्हणून माइकसमोर बसले. भाषण हिंदुस्थानीत आहे, त्यामुळे तुमचा इंग्रजीचा प्रश्न तिथं येतच नाही. दोन मिनिटांच्या वर ऐकवू नका. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा हातात मजकूर द्यायचा आणि एकच प्रश्न टाकायचा : हा माणूस कुणाशी बोलतोय, हे तुम्हाला कुठल्या शब्दावरून कळलं? उत्तर देताना त्या शब्दावर बोट ठेवायचं. ‘भारी वाटलं’ म्हणायला जागाच राहत नाही.

मग फळ्यावर दोन आकडे लिहा. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा रेडिओ केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. प्रक्षेपण पोचायचं ते देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत. आता विचारा, तुमच्या गावात हे भाषण त्या दिवशी कुणी ऐकलं असेल? माझ्या वर्गात यावर जी भांडणं व्हायची, ती मला अजून आवडतात. एक म्हणायचा पाटलाच्या वाड्यात, दुसरा म्हणायचा कुणीच नाही, सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं असणार. झालं की तुमचं काम.

वर्ग मुरला की ३ जून १९४७ घ्या. त्या संध्याकाळी माउंटबॅटन, नेहरू, जिना आणि बलदेवसिंग एकामागोमाग एक रेडिओवर बोलले, फाळणीच्या योजनेबद्दल. जिनांनी सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवली : सरकारबाहेरच्या माणसाला राजकीय विषयावर या माध्यमातून लोकांशी थेट बोलण्याची संधी पहिल्यांदाच मिळतेय. एवढं एक वाक्य तुम्हीच मराठीत सांगा, भाषण इंग्रजीत असलं तरी बिघडत नाही. तोवर माइक कुणाच्या ताब्यात होता, हे त्यातून कळतं. आणि मग १९४२ ला गुपचूप रेडिओ का काढावा लागला, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शॉर्टवेव्ह

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. मी रेडिओतला माणूस, इतिहासातला नव्हे. काँग्रेस रेडिओ, म्हणजे तुमच्या पुस्तकातला उषा मेहतांचा आझाद रेडिओ, २७ ऑगस्ट १९४२ पासून सुरू झाला. घोषणा असायची : ‘४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कुठून तरी, हा काँग्रेस रेडिओ बोलतोय.’ मुलांना वहीत ३०० भागिले ४२.३४ करायला लावा. साधारण ७.०८५ मेगाहर्ट्झ येतं. हा शॉर्टवेव्हचा पट्टा, हौशी रेडिओवाले आजही तिथंच असतात. लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून लांब पोचतात म्हणून मुंबईचा आवाज दूरवर जायचा. पण पोलिसांच्या शोधगाड्यांनाही तोच आवाज मिळायचा. म्हणून यंत्र सतत हलवत होते : चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी. शेवटी गिरगावात पारेखवाडीत १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले गेले. (तारीख पाहा, गांधीजींच्या भाषणाच्या बरोबर पाच वर्षं आधी. निव्वळ योगायोग, पण मुलांच्या लक्षात राहतो.) विज्ञानाच्या सरांना हाताशी धरा, एक तास त्यांचा जाईल, बोभाटा होणार नाही.

वहीचं_शेवटचं_पान

बापरे, केवढं मिळालं! चष्मा सर, ‘त्या शब्दावर बोट ठेवायचं’ हे उद्यापासूनच.

शॉर्टवेव्ह, काँग्रेस रेडिओचं ऐकवायला काय आहे? आवाज नसेल तर मजकूर मुलींकडून वाचून घ्यावा का? आमच्या दोन पोरी फार सुंदर बोलतात. पंधरा ऑगस्टला नाटुकलंही होईल.

चष्मा_कपाळावर

नाटुकलं पंधरा ऑगस्टला करा, इतिहासाच्या तासाला नको. एकदा का पोरीनं आवाज थरथरवला की वर्ग पुन्हा ‘भारी वाटलं’वर येतो.

शॉर्टवेव्ह

सर, मी असहमत. मजकूर मोठ्यानं वाचल्याशिवाय तो बोलण्यासाठी लिहिलाय हेच कळत नाही. वाक्यं किती आखूड आहेत, तेच नाव परत परत का घेतलंय, हे डोळ्यांनी वाचताना दिसत नाही. फक्त अभिनय नको, बातम्या वाचतात तसं वाचायचं.

ताई, त्या मजकुराची गंमत अशी की त्यातला बराचसा आज आपल्याला मिळतो तो पोलिसांमुळे. ते रोज ऐकून टिपून घेत होते, खटल्यासाठी. मुलांना विचारा, लिहून घेणारा आपल्या बाजूचा नाही, मग त्यानं काय गाळलं असेल आणि काय मुद्दाम नीट टिपलं असेल? आष्टी-चिमूरच्या अत्याचारांच्या बातम्या या रेडिओनं दिल्या होत्या. महाराष्ट्रातल्या मुलांना ते जवळचं वाटेल.

खुद्द उषा मेहतांचा आवाज हवा असेल, तर केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रानं १९६९ मध्ये त्यांची मुलाखत घेतली होती, ती त्यांच्या संकेतस्थळावर आहे. इंग्रजीत आहे. सत्तावीस वर्षांनी आठवून सांगितलेलं आणि त्याच दिवशी टिपलेलं, दोन्ही शेजारी ठेवता येईल.

कृष्णाकाठ

सांगलीच्या आहात म्हणून लिहिते. शिरोळच्या वेणू चितळे त्याच काळात लंडनला बीबीसीच्या पूर्व विभागात होत्या. तिथंच जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते ४३ नोकरीला होते, आणि हिंदुस्थानसाठीची बातमीपत्रं इंग्रजीत लिहायचे, ती मराठीसकट इतर भाषांत करून वाचली जायची. म्हणजे एकीकडे सरकारच्या बाजूनं मराठीत बोलणारा रेडिओ आणि दुसरीकडे मुंबईतला चोरटा रेडिओ, दोन्ही एकाच वर्षी. शिरोळ तुमच्यापासून किती लांब? मुलं कान टवकारतील.

घाटमाथा

गोवा विसरू नका हो कुणी! २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला, पुढं तो कॅसलरॉकला नेला. पोर्तुगीज आणि कोंकणीतून बोलायचा. गोव्यात सेन्सॉर कडक, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते यातून कळायचं. हे १९६१ पर्यंत चाललं. गोवा मुक्त झाल्यावर दोघं विमानात बसून लाउडस्पीकरवरून ती बातमी सांगत फिरले. बेचाळीसचा रेडिओ अडीच महिने टिकला, हा सहा वर्षं. का? दहावीला हा एकच प्रश्न पुरे. (उत्तर नकाशात आहे, सरहद्द बघायला सांगा.)

वहीचं_शेवटचं_पान

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ, शिरोळचं मला माहीतच नव्हतं, आमची निम्मी मुलं तिकडच्या पाहुण्यांकडे जाऊन येऊन असतात.

सध्या असं ठरतंय : आठवीला काँग्रेस रेडिओचा मजकूर, अभिनयाविना (दोघांचंही ऐकलं), दहावीला गांधीजी आणि गोवा. नववीच्या आणीबाणीला काय करू?

चष्मा_कपाळावर

२६ जून १९७५ ची सकाळ. इंदिराबाई रेडिओवर म्हणाल्या, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं काही कारण नाही. हिंदीतलं भाषण मिळालं तर उत्तम. पण आदल्या रात्री दिल्लीत बऱ्याच वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली होती, हे भाषण ऐकवायच्या आधी सांगू नका. नंतर सांगा, आणि तेच भाषण परत लावा.

घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : बातमी कशी कळली, रेडिओवर, पेपरात की पारावर? ‘आठवत नाही’ हे उत्तरही वहीत लिहायला लावा.

आणि तो स्पीकर कपाटावरून खाली काढा. मधल्या बाकावर ठेवा, खाली दुमडलेली सतरंजी, मुलं भोवती. आवाज निम्मा करा. पाढ्यांचं मात्र पाचवीच्या बाईंशीच बोला.