मदत हवी आहे: एपीएस, वॉरफरिन आणि पालेभाजी (नागपूर)

नमस्कार मंडळी. माझ्या लहान बहिणीच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. पाय सुजलेला, हात लावला तर गरम. ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, 12 आठवड्यांनी परत केली तरी तेच. म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (एपीएस, प्रतिकारशक्ती बिघडून रक्ताच्या गाठी होण्याचा आजार) पक्का. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) सुरू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवायचाय, तो कधी 1.6, कधी 3.8! पालक-मेथीतल्या व्हिटॅमिन 'के'मुळे गोळीचा असर कमी होतो. डॉक्टर म्हणतात, भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. आता आमच्याकडे हिवाळ्यात पातळभाजी दिवसाआड, उन्हाळ्यात नावालाही नाही. तुम्ही कसं जमवता?

मानेवाड्याकडे घरी येऊन रक्त नेणारी, त्याच दिवशी रिपोर्ट देणारी लॅब आहे का?

शिवाय तिला बाळ हवंय. गरोदरपणात वॉरफरिन बंद करून हेपॅरिनची (तेही रक्त पातळ ठेवणारं औषध) इंजेक्शनं आणि कमी डोसची ॲस्पिरिन देतात, एवढं डॉक्टरांनी सांगितलंय. धंतोली-रामदासपेठेत अशा केसेस नेहमी बघणारे संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? स्वतःचा अनुभव असेल तर उत्तमच. गोळ्या सोडून काढा घ्या, असं मात्र कृपा करून सुचवू नका. त्यासाठी घरची मंडळी पुरेशी आहेत.