मदत हवी आहे: बायस (विचारातला नकळत होणारा कल) माहीत असूनही निर्णय चुकतोय
मंडळी, काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ च्या पेपरमधला प्रयोग वाचला, लोकांसमोर फिरवलेलं आकड्यांचं चाक १० वर थांबलं की युनोमध्ये आफ्रिकी देश किती टक्के आहेत याचा त्यांचा अंदाज २५ आणि ६५ वर थांबलं की ४५, म्हणजे ज्या आकड्याचा काडीचाही संबंध नाही तोच डोक्यात घर करतो! माझंही तसंच, जुना फोन विकताना पहिल्या माणसाने सांगितलेल्या भावाभोवतीच घुटमळत राहिले. आणि एकदा मनाने कौल दिला की फक्त चांगलेच रिव्ह्यू वाचते, बाकीचे अंगठा आपोआप वर सरकवतो. कळतं पण वळत नाही, खूप त्रास होतो याचा. निर्णयाआधी विरुद्ध बाजू लिहून काढायची सवय कुणी लावून घेतलीये का? खरंच फरक पडतो? प्लीज अनुभव सांगा.