ईव्ह डंकनची मालिका : बॉनीपर्यंत वाचून थांबायचं की पुढे जायचं?

मीनल_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी, आयरिस जोहान्सनची ईव्ह डंकनची मालिका इथे कोणी वाचलीय का? मला मधलीच पुस्तकं हाती लागलीत, जुन्या पुस्तकांच्या लारीवर जे मिळेल ते उचललं, त्यामुळे आधी ईव्हची दत्तक मुलगी जेन मोठी झालेली वाचली आणि मग ती दहा वर्षांची असताना भेटली, असला उलटा संसार चाललाय माझा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईव्ह ही अमेरिकेत अटलांटाची फॉरेन्सिक शिल्पकार. सापडलेल्या कवटीवर माती चढवून चेहरा उभा करते म्हणजे तो माणूस कोण होता ते कळावं. तिची स्वतःची मुलगी बॉनी सात वर्षांची असताना पळवली गेली, ज्याला फाशीची शिक्षा झाली तो पोरं कुठे पुरलीत ते न सांगताच गेला, आणि बाई तेव्हापासून दुसऱ्यांच्या मुलांना त्यांच्या घरी पोचवते पण स्वतःची काही सापडत नाही.

तर गंमत अशी की मी रात्री जेवताना सासूबाईंना थोडी थोडी गोष्ट सांगते (त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, शाळेत मराठी शिकवलंय आयुष्यभर) आणि आता त्या माझ्यापेक्षा जास्त अडकल्यात. रोज पोळी तव्यावर असतानाच विचारतात, "पोर मिळाली का गं?" कवटीबिवटीचं त्यांना काही नाही, त्यांना तो ज्यो क्विन आवडतो, एवढा चांगला माणूस समोर असताना ही बाई लग्न का लांबवतेय हा त्यांचा मुख्य प्रश्न.

मला एवढंच सांगा की क्रम काय, कुठे थांबायचं (कारण यादी बघून घाबरले मी, संपतच नाही), आणि ते मातीचं काम खरंच असं होतं का की सगळं कादंबरीवाल्यांचं? शेवट सांगू नका प्लीज, सासूबाई सोडणार नाहीत मला.

पुस्तकवेडा_रावपुरा

मीनलताई, क्रम सोपा आहे. १९९८ चं 'द फेस ऑफ डिसेप्शन' पहिलं, १९९९ चं 'द किलिंग गेम' दुसरं, जेन त्यातच येते, दहा वर्षांची, रस्त्यावर वाढलेली, कोणाचं ऐकून न घेणारी. ही दोन एकापाठोपाठ वाचाच. मग २००४ चं 'ब्लाइंड ॲली', तिथे जेन सतरा वर्षांची आहे आणि ईव्ह एका खून झालेल्या बाईचा चेहरा घडवते तर तो जेनसारखाच निघतो. हे पाठच्या कव्हरवरच असतं म्हणून बोललो, स्पॉइलर नाही.

नंतर मधली काही सोडलीत तरी चालतात, पण २०११ ची तिन्ही, 'ईव्ह', 'क्विन' आणि 'बॉनी', ही सलग वाचायची, मध्ये दुसरं पुस्तक घेतलं की पकड सुटते. बॉनीचं काय झालं ते तिथे कळतं. माझं मत विचाराल तर तिथेच थांबा. ज्या प्रश्नावर तेरा वर्षं वाचकाला झुलवलं त्याचं उत्तर आलं की पुढे काय उरतं? पुढे मालिका चालू आहे ती प्रकाशकाला चालवायची आहे म्हणून, असं माझं मत. नवी माणसं, नवे गुप्तहेर, प्रत्येकाला एकेक भूतकाळ, आणि सगळेजण ईव्हच्या त्या तळ्याकाठच्या घरी येऊन जेवतात.

सासूबाईंना सांगा ज्योबद्दल काळजी करू नका, त्याचा धीर त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

माती_आणि_मी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, मी इथल्याच, बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचा, शिल्पकला, आणि आता पोर्ट्रेटची कामं करतो, पुतळे वगैरे. कवटीवर काम केलेलं नाही पण ह्या विषयाचं वेड आहे आणि पद्धत बरीच वाचलीय.

काम खरं आहे, आणि कादंबरीत पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी बरोबर आहे. कवटीचा खालचा जबडा जागेवर बसवायचा, मग कवटी अशी ठेवायची की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका पातळीत येईल, नाहीतर सगळा चेहराच मान वर केल्यासारखा होतो. मूळ हाड पुरावा असतं म्हणून बरेच जण आधी साचा काढून प्रतिकृतीवर काम करतात. मग ठरलेल्या जागांवर छोट्या खुंट्या चिकटवायच्या, वीसेक तरी, प्रत्येकीची लांबी म्हणजे त्या जागी हाडावर मांस किती असतं तेवढी. अमेरिकेत बेटी पॅट गॅटलिफ म्हणून बाई होत्या ओक्लाहोमात, त्या मशीनच्या खोडरबराच्या कांड्या कापून वापरायच्या, सोपं आणि स्वस्त. कपाळावर जेमतेम चार-पाच मिलिमीटर, गालाच्या मांसल भागात ते पंधरा-वीसच्या घरात जातं. हे आकडे आकाशातून आले नाहीत, पूर्वी प्रेतांच्या चेहऱ्यात सुई खुपसून मोजलेत, आता अल्ट्रासाउंड आणि सीटी स्कॅनवरून काढतात. नंतर खुंट्यांच्या मधून मातीच्या पट्ट्या, मग पट्ट्यांमधली जागा भरायची. डोळा चोवीस मिलिमीटरच्या आसपासचा कृत्रिम.

इथपर्यंत हिशोब. इथून पुढे ईव्ह काय करते, खुंट्या-मोजमाप बाजूला ठेवते आणि बोटं आपोआप चालायला लागतात, कवटी तिला सांगते म्हणे. वाचायला भारी आहे पण खऱ्या कामात हीच जागा सगळ्यात धोक्याची! कारण नाकाचं टोक, ओठांची जाडी, कान, पापण्यांची घडी, हे हाड फारसं सांगत नाही. आणि कुठल्याही शिल्पकाराची बोटं मोकळी सोडली की ती ओळखीचं काहीतरी करतात. माझंच बघा, कोणाचाही पुतळा असो, ओठ माझ्या हातून एका ठराविक वळणाचे होतात, क्लायंट दोनदा बोलले तेव्हा कुठे लक्षात येतं. विद्यार्थी असताना तर वर्गातले सगळेजण मॉडेल कोणीही असलं तरी स्वतःचंच नाक करायचे. आता विचार करा, जिची मुलगी हरवलीय अशा बाईच्या हातात लहान मुलीची कवटी आहे. बोटं कोणाचा चेहरा करतील? लेखिकेला हे कळलंय असं मला वाटतं, ईव्हला स्वतःलाच ती भीती आहे, म्हणून ती त्या कवट्यांना दुसरी नावं देते काम करताना. मला मालिकेतली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटते, बाकी गोळीबार वगैरे मी चाळतो.

जोशीकाका_निवृत्त

माती_आणि_मी यांनी छान लिहिलंय. मी फॉरेन्सिकच्या कामाशी संबंधित खात्यात होतो, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. थोडी भर घालतो.

आपल्याकडे कवटीवर माती चढवण्यापेक्षा सुपरइम्पोझिशन जास्त चालतं. हरवलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा, कवटीचा त्याच कोनातून फोटो काढायचा आणि एकावर एक बसवायचा, डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं मूळ, हनुवटी, दात जुळतात का ते पाहायचं. पूर्वी निगेटिव्हवर करायचे, आता कॉम्प्युटरवर. पण यात एक मेख आहे, तुमच्याकडे आधी कोणावर तरी संशय हवा, फोटो हवा. "ही कवटी अमक्याची आहे का" एवढंच ते सांगतं, आणि खरं म्हणजे "नाही" हे उत्तर जास्त खात्रीने देतं. ज्या हाडांमागे कोणी विचारायलाच आलेलं नाही तिथे सुपरइम्पोझिशनचा उपयोग शून्य, तिथेच ते मातीचं काम लागतं. आणि त्या चेहऱ्याने ओळख सिद्ध होत नाही हे पण लक्षात ठेवा, तो फक्त पेपरात छापायचा, कोणीतरी "अरे, हा आपल्या अमक्यासारखा दिसतो" म्हणून फोन करावा यासाठी. मग डीएनए नाहीतर दातांचा रेकॉर्ड. ईव्ह पुतळा पूर्ण करते आणि केस सुटते असं कादंबरीत वाटतं, प्रत्यक्षात तिथून केस सुरू होते.

कोणाच्या मुलांना यात शिकायचं असेल तर लांब जायला नको, आपल्या गांधीनगरलाच नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहे, २००९ मध्ये गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी म्हणून निघाली, २०२० मध्ये राष्ट्रीय झाली.

एक विचारतो, ती बॉनी भूत होऊन आईशी गप्पा मारते ते तुम्हा लोकांना पटतं का? मी तिथेच पुस्तक ठेवलं.

स्नेहल_अलकापुरी

काका, मला पटतं 🙂 पहिल्या पुस्तकांत ते स्वप्नच आहे की काय अशी शंका राहते आणि ईव्हला स्वतःलाही वाटतं की मी वेडी झालेय. ज्या आईला अंत्यसंस्कार करायला काही मिळालंच नाही ती मुलीशी बोलणार नाही तर काय करणार. आपल्याकडे कोणी गेलं की तेरा दिवस तरी ठरलेले असतात, लोक येतात, बसतात, रडतात, मग हळूहळू ताट वाढलं जातं. हरवलेल्या माणसाचं ना सुतक ना श्राद्ध, पान कोणाच्या नावाने ठेवायचं? पुढच्या पुस्तकांत मात्र भुताचं फारच झालं, जो तो अतींद्रिय शक्तीवाला, तिथे मी काकांच्या बाजूने.

पण पुस्तकवेडा, २०११ नंतर काही उरत नाही हे अजिबात मान्य नाही हां. तुम्ही २०१३ चं 'टेकिंग ईव्ह' वाचलंय का? एक बाप ईव्हला पळवतो, कशाला, तर त्याच्या मेलेल्या मुलाची कवटी त्याच्याजवळ आहे आणि त्याला चेहरा परत हवाय. म्हणजे जी मागणी बाकी आईबापांनी केली तर ईव्ह रात्रंदिवस जागून पूर्ण करते तीच हा बंदूक दाखवून करतो, आणि मुलगा कसा होता ते हळूहळू कळत जातं. ती त्याचा तिरस्कारही करते आणि तिला त्याचं दुःख समजतंही. बॉनीचं उत्तर मिळाल्याशिवाय हे पुस्तक लिहिताच आलं नसतं, कारण आधीची ईव्ह त्या बापापेक्षा फार वेगळी नव्हती. तीन पुस्तकांची गोष्ट आहे, 'हंटिंग ईव्ह' आणि 'सायलेन्सिंग ईव्ह' त्याच वर्षीची, एकच कथा लांबवलीय हे मान्य, दुसऱ्यात तर नुसतं जंगलात पळणं आहे.

आणि घरातली माणसं! मीनल, तुझ्या सासूबाई बरोबर जागी अडकल्यात. ईव्हची आई सँड्रा व्यसनात बुडालेली होती, ईव्ह पोरवयात आई झाली, तिने स्वतःचं बालपण कधी पाहिलंच नाही, मग जेन दत्तक येते ती पण कोणावर विश्वास न ठेवणारी. जेनला सतत वाटतं मी बॉनीच्या जागेवर आलेय, आणि ईव्ह तिला कधीच "तू माझी बॉनी" असं म्हणत नाही, मैत्रिणीसारखं ठेवते. पुढे कॅरा नावाची मुलगी घरात येते, मग ईव्ह आणि ज्योचा स्वतःचा मुलगा मायकल. रक्ताची कमी आणि जमवलेली जास्त, असं घर आहे ते. मी खुनी कोण ते विसरते पण ह्या लोकांचं काय चाललंय ते बघायला परत जाते.

पुस्तकवेडा_रावपुरा

'टेकिंग ईव्ह' वाचलंय. पहिलं चांगलं आहे, देतो तुम्हाला तेवढं. बाकी दोन मिळून शंभर पानांची गोष्ट होती.

कमाटीबाग_वॉकर

विषयाला सोडून विचारतो, आपल्या म्युझियममध्ये ती इजिप्तची ममी आहे ना, लहानपणी व्हेलच्या सांगाड्यापेक्षा तिलाच जास्त घाबरायचो, तिचा चेहरा असा करता येईल का?

माती_आणि_मी

तत्त्वतः येतो, आणि गुंडाळलेलं सोडायचीही गरज नाही. सीटी स्कॅन करायचा, कवटी कॉम्प्युटरवर वेगळी काढायची, थ्रीडी प्रिंट नाहीतर सरळ स्क्रीनवरच काम. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतल्या दोन माणसांचे चेहरे स्कॅनवरूनच केले, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९४१ च्या जूनमध्ये समरकंदला गेरासिमोव्ह या सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञाने तैमूरची कबर उघडून त्याच्या कवटीवरून चेहरा केला, पायाच्या हाडांवरून लंगडेपण पण खरं निघालं. पण तिथे गंमत अशी की तैमूर जिवंत पाहिलेला कोणी "छे, असा नव्हता" म्हणायला शिल्लक नाही. ईव्हच्या टेबलावरच्या चेहऱ्याला बघायला आई येणार असते. मी दोन्हीपैकी एक काम निवडायचं तर तैमूर घेईन बाबा.

मीनल_दांडियाबाजार

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! स्नेहल, तुझा सुतकाचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी एक काका घर सोडून गेले होते आणि काकूने कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही, लोक कुजबुजायचे पण कोणाची विचारायची हिंमत नव्हती. मला हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

मग असं ठरवते, पहिली दोन, 'ब्लाइंड ॲली', मग २०११ ची तिन्ही सलग, आणि त्यानंतर सासूबाईंनी परवानगी दिली तर 'टेकिंग ईव्ह'. 'क्विन' मात्र कुठेच मिळत नाहीये, सेंट्रल लायब्ररीत बघितलं तर नव्हतं. कोणाकडे आहे का?

स्नेहल_अलकापुरी

माझ्याकडे आहे, पाठचं कव्हर फाटलंय पण पानं सगळी आहेत. शनिवारी रावपुऱ्यात येणारच आहे, देते. ज्योचं त्यात काय होतं ते सासूबाईंना एकदम सांगू नकोस, दोन दिवस पुरव.

जोशीकाका_निवृत्त

स्नेहलताई, मीनलचं झालं की ते पुस्तक माझ्याकडे फिरवा. भुताची पानं कुठली ते पेन्सिलने खूण करून द्या म्हणजे झालं.