काळ्या गाडीवरचं कोळ्याचं जाळं: रबिंग करावं की फडकं बदलावं?

काळीसेडान_लातूर
गाडी चार वर्षांची, रंग काळा (ही पहिली चूक, घरचे रोज ऐकवतात). सावलीत आरसा वाटते. दुपारी उन्हात लावली की बॉनेटवर सूर्याचा ठिपका पडतो ना, त्याच्याभोवती बारीक गोल ओरखडे, जणू कोळ्यानं जाळं विणलंय. गेल्या दिवाळीत एका दुकानात रबिंग-पॉलिश करून घेतलं. आणताना नवरीसारखी दिसत होती. पाचव्या धुण्याला जाळं जसंच्या तसं परत. दुकानदार म्हणतो, आता दर सहा महिन्याला करत चला.

माझं म्हणणं, ही गाडीची कातडी सोलणं झालं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो. वर्तमानपत्राचा कागदही त्याहून जाड. रबिंगनं ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळाला आणतात. असं किती वेळा घासणार? खरा गुन्हेगार आपलं फडकं आहे. बोला.

गुर्जी_अंबाजोगाई
गाडी वापरायला घेतली की ओवाळायला? 2016 च्या एप्रिलात तुमच्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, विसरलात का? आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. मी बारा वर्षं सकाळी ओल्या पंच्यानं गाडी पुसतो. गाडी पांढरी. एक ओरखडा नाही.

काळीसेडान_लातूर
गुर्जी, पांढरीवर ते असतात, फक्त दिसत नाहीत. रात्री मोबाईलची बॅटरी जवळ धरून बघा.

गुर्जी_अंबाजोगाई
बघितलं. आहेत. पण बॅटरी लावून गाडी बघणाऱ्यांत मी नाही.

डिटेलिंग_संभाजीनगर
गाड्या पॉलिश करायच्या धंद्यात आहे, आधीच सांगतो. दादा, तुम्हाला रबिंग केलंच नसणार, ग्लेझ लावून दिलं असणार. त्यातलं तेल आणि फिलर ओरखड्यात बसतं, चार-पाच धुण्यांत निघून जातं. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एक हात पुसायला सांगायचं. फिलर असेल तर जाळं तिथंच उघडं पडतं. दुकानदार नाही म्हणाला तर समजून जा.

आणि सगळं खापर फडक्यावर फोडू नका. नवशिक्याच्या हातात रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं) दिलं की उन्हात तेलाच्या तवंगासारखे पट्टे दिसतात, आम्ही त्याला होलोग्राम म्हणतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवतं आणि हलवतंही), मऊ पॅड आणि बारीक पॉलिश वापरलं तर एक-दोन मायक्रॉन जातात. आधी गेजनं जाडी मोजतो. दोन-तीन वर्षांतून एकदा केलं तर काही बिघडत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग थरात मुरले की शाम्पूनं निघत नाहीत, तिथं पॉलिशच लागतं.

औसा_रोड
तुमचा धंदाय, तुम्ही म्हणणारच की ओ. आमचा वॉशिंगवाला तर म्हणतो फडकं गोल फिरवू नका, सरळ फिरवा, मग गोल ओरखडे येतच न्हाईत. फुकटचा विलाज.

डिटेलिंग_संभाजीनगर
भाऊ, ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून ठिपक्याभोवती गोल दिसतं. तुम्ही एक पाऊल सरकलात की गोलही सरकतो. खडा फडक्यात असेल तर तो सरळ फिरवूनही ओढणारच.

औसा_रोड
आत्ता अंगणात जाऊन बघून आलो. सरकायलंय खरं. 😄

नांदेडकर_ताई
ओरखडा कसा पडतो ते कुणीच नीट सांगितलं नाही. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की आमच्याकडं गाडीवर बोटभर धूळ आणि भुसा. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की पॉलिश पेपरच फिरवला समजा. मी एकदा वापरलेलं फडकं उन्हात धरलं, चार-पाच खडे दोऱ्यांत अडकून चमकत होते. तेच फडकं मी रोज झटकून डिकीत ठेवायचे. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, हा नियम तेव्हापासून.

गुर्जींचा पाण्याचा मुद्दा मात्र पटतो, पाइप लावून गाडी धुणं मलाही बघवत नाही. मी फवारणीचा नवा पंप घेतला, 16 लिटरचा. हात न लावता आधी त्याच्या तुषारानं धूळ भिजवून खाली सोडायची, वरून खाली. मग दोन बादल्या, अर्ध्या-अर्ध्याच: एकीत शाम्पू, दुसरीत मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, खळबळायला साधं पाणी. कपड्याची पावडर नको, वॅक्स उतरतं. उन्हात धुवायचं नाही, बोअरचं पाणी वाळायच्या आत मायक्रोफायबरनं टिपायचं. सगळं मिळून तीसेक लिटर, आणि ते खाली कढीपत्त्याला जातं. पॉलिश एकदाच करून घेतलं, दोन वर्षं झाली.

काळीसेडान_लातूर
ठीक, एकदा पॉलिश मान्य. दर सहा महिन्याला नाही म्हणजे नाही. आणि पुढच्या वेळी अल्कोहोलची बाटली मीच घेऊन जाणार.

गुर्जी_अंबाजोगाई
ताई, पंप घरात आहे. परवा त्यातून तणनाशक मारलंय. धुऊन चालेल का?

नांदेडकर_ताई
नको गुर्जी. कढीपत्त्याचा तरी विचार करा.