ग्रीक संस्कृती दुष्काळाने घडवली असं लिहिता येईल का?

विट्याची लेक
आमचं गाव विट्याजवळ. दोन्ही चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, एक तमिळनाडूत, एक बंगालमध्ये. आजी म्हणते, पाऊस असता तर पोरं गेली नसती. एम.ए.साठी प्राचीन ग्रीस वाचतेय आणि तिथंही तेच दिसतं: डोंगरच डोंगर, कसायला जमीन थोडी, माणसं बाहेर. अथेन्सला वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आटपाडीचीच गत. निबंधाचं शीर्षक असं ठेवलं तर चालेल का?

तासगावचा बागायतदार
ताई, पाऊस किती यापेक्षा कधी, ते बघा. तिकडं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. ऑलिव्ह आणि द्राक्षाला हे मानवतं. आम्ही ऑक्टोबर छाटणी घेतो ती कोरड्या हवेत मणी भरावेत म्हणूनच. २०१९ ला फुलोऱ्यात पाऊस लागला आणि डावणी रोगानं माझी निम्मी बाग गेली. पावसाची वेळ म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

पण धान्य? अथेन्सच्या आसपास गव्हापेक्षा जव बरा यायचा. बाकीचं धान्य काळ्या समुद्राकडून जहाजांनी. अथेन्सचे कायदे करणाऱ्या सोलोननं इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतमाल बाहेर विकायला बंदी घातली, मोकळीक फक्त ऑलिव्ह तेलाला. बेदाणा विकून ज्वारी घेणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. वाट अडली की मरण. इ.स.पू. ४०५ मध्ये त्याच वाटेवर एगोस्पोटामीच्या लढाईत अथेन्सनं आरमार गमावलं, धान्य थांबलं, पुढच्या वर्षी अथेन्स उपाशीपोटी शरण आलं.

साताऱ्याचे मास्तर (निवृत्त)
पोरी, 'घडवली' हा शब्द खोड. स्पार्टालाही तेच आभाळ होतं. त्यांनी डोंगरापलीकडचं मेसेनिया जिंकलं, तिथल्या लोकांना हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलाम करून राबवलं, आणि वसाहती जवळजवळ वसवल्याच नाहीत. अडचण सारखी, निवड वेगळी. ती निवड माणसांची.

आजीचं वाक्य मात्र ठेवच. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस थेरा बेटाची हकिगत सांगतो: सात वर्षं पाऊस नाही, एक सोडून सगळी झाडं वाळली. शेवटी भावाभावांत चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली आणि लिबियाकडं धाडली. ती परत फिरली तर गाववाल्यांनी किनाऱ्याला लागू दिलं नाही, मारा करून हाकललं. त्यांनीच पुढं इ.स.पू. ६३० च्या सुमारास लिबियात सायरीनी हे शहर वसवलं.

विट्याची लेक
चिठ्ठ्यांचं वाचून थांबलेच. आमच्याकडं आजोबांनी ठरवलं होतं, थोरल्यानं रान बघायचं, धाकट्या दोघांनी जायचं. पण चुलते दर यात्रेला येतात, आणि आजी वेशीपर्यंत चालत जाते त्यांना आणायला.

शीर्षक बदलते, सुरुवात थेरापासून करते. सर, एक विचारू? सायरीनीत बस्तान बसल्यावर तरी त्या लोकांना थेरानं कधी घरी बोलावलं का?