‘नऊ बशा, अठरा घास, शुद्ध लूट’ या पोस्टला उत्तर

शिरीष, धरमपेठ
सुनीलभाऊ पॅरिसला मुलाकडे गेले होते. तिथल्या बारा खुर्च्यांच्या कोरियन-फ्रेंच हॉटेलात तीन तासांत नऊ बशा आल्या, प्रत्येकीत दोन घास. घरी येऊन त्यांना चिवडा खावा लागला, म्हणून ती लूट. मला हे पटत नाही. असं जेवण मी सोलमध्ये जेवलोय. लोण्याच्या फ्रेंच सॉसमध्ये गोचुजांग होतं, म्हणजे मिरचीपूड, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन, मातीच्या रांजणात कित्येक महिने मुरवलेलं. कुरडयांसाठी तीन-तीन दिवस गहू भिजवणाऱ्या आपल्या लोकांना त्या चमचाभर सॉसमागचे कष्ट कळू नयेत? आणि ‘वाढतील तेच खायचं’ ही कसली तक्रार? पंगतीत कोण ऑर्डर देत होतं?

सुनील, महाल
पंगतीचं नाव घेऊ नका भाऊ. पंगतीत वाढपी परत फिरतो, आग्रह करतो. तिथे मी एक बशी पुन्हा मागितली तर वाढणारा पोरगा नुसता पाहत राहिला. शिवाय कोरियन घरी भात, सूप, किमची, भाज्या सगळं एकदम समोर येतं, आपल्या ताटासारखं. भाताशिवाय किमची म्हणजे नुसतं लोणचं चाटणं. एकामागून एक वाढायची रीत फ्रेंचांचीही मूळची नाही, १९व्या शतकात रशियाकडून घेतलेली. बायको शाकाहारी. किमचीत खारवलेली कोळंबी आहे हे तिला खाल्ल्यावर कळलं. तीन तास ती पाण्यावर बसली.

मीनल, प्रतापनगर
पंगत राहिली कुठे? परवा वर्धा रोडवरच्या लॉनवर लग्न होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, हातात प्लेट घेऊन अर्धा तास रांगेत. शेवटी उभ्याउभ्या दोन घास खाऊन घरी. पॅरिसच्या बशांवर भांडून राहिले, या बुफेवर कोणी का बोलत नाही?

सुनील, महाल
एकदम बरोबर! गोळाभात पंगतीतच खावा. वरून गरम फोडणीचं तेल वाढप्यानेच घालावं.

कल्पना, इतवारी
शेवटच्या पंगतीत कोण बसायचं, तेही लिहा ना. माझी आई दीडशे पानं वाढून चार वाजता बसायची. वडाभातातले वडे तोवर संपलेले. बाबांच्या शेजारी ती आयुष्यात पहिल्यांदा जेवली ती भाच्याच्या लग्नात, बुफेत.

सुनील, महाल
आमच्याकडे असं नव्हतं.

कल्पना, इतवारी
तुम्ही पहिल्या पंगतीला होता. आईला विचारा.

मीनल, प्रतापनगर
कल्पनाताई, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी उभं राहायचं का? खुर्च्या मांडा, बायकांनाही पहिल्या पंगतीत बसवा. बुफे कशाला हवा?

शिरीष, धरमपेठ
मूळ मुद्दा राहिला. त्या बारा खुर्च्यांवर सगळ्यांना एकाच वेळी सारखं पान मिळतं, रांधणारा स्वतः समोर उभा असतो. मला त्याची किंमत वाटते. कोळंबीचं आधी सांगायलाच हवं होतं, ती चूक त्यांचीच. भाताचंही मान्य, चौथ्या बशीला मलाही भात हवा होता. पण लूट हा शब्द मागे घ्या.

सुनील, महाल
घेतला. महाग म्हणतो, आणि पोट भरलं नव्हतं तेही तसंच राहू द्या.
आईला फोन केला. म्हणाली, शेवटच्या पंगतीला वरणात पाणी घालून पुरवायचो.