जुन्या, रुळलेल्या वसाहतीत घर घेताना आधी काय तपासावं?

कोपऱ्यावरचं_घर:
मंडळी, ४५-५० वर्षं जुनी उपनगरी वसाहत आहे. स्वतंत्र घरं, मोठी झाडं, बाग पाच मिनिटांवर, शाळा ७०० मीटरवर. मुलं ४ आणि ९ वर्षांची. निर्णयाआधी दोन शनिवार-रविवार हातात आहेत. आतला रंग आणि ओटा दोन्ही नवे, त्यामुळे वरवर सगळं छान दिसतं. न दिसणाऱ्या कोणत्या गोष्टी आधी पाहाव्यात? मोठ्याला शाळेत एकटं पाठवता येईल का, हे कशावरून ठरवायचं? जाणकारांनी सांगावं.

निचरा:
रंग-ओटा राहू द्या, आधी अंगणातलं ड्रेनेजचं चेंबर उघडायला लावा. एकाने आत संडासाचा फ्लश ओढायचा, दुसऱ्याने चेंबरपाशी थांबायचं. पाणी मधल्या पन्हळीतून न रेंगाळता निघून गेलं पाहिजे. पन्हळीच्या वर भिंतीवर जुन्या मैल्याची आडवी रेघ असेल, तर लाइन कधीतरी तुंबून पाणी तिथवर चढलं होतं, हे नक्की. त्या काळात मातीच्या भाजलेल्या नळ्या तुकड्यातुकड्यांनी जोडत. सांधा किंचित उघडला की ओलाव्याच्या मागे झाडाची मुळं आत शिरतात आणि त्यांच्या जाळीत कागद-चरबी अडकते. सळई घालून साफ केलं की काही महिने बरं चालतं, मग पुन्हा तेच. म्हणून नळीत कॅमेरा सोडून थेट रस्त्यावरच्या मुख्य लाइनपर्यंत तपासणी करून घ्या आणि तिचं चित्रण मागून घ्या. १०० मिलिमीटरच्या नळीला साधारण ४० ते ८० मीटरला १ मीटर उतार हवा. जमीन खचून मध्ये पोट पडलं असेल, तर चित्रणात पाणी साचलेलं दिसतं.

अजून एक गोष्ट बहुतेकांकडून राहते. तळमजल्यावरच्या न्हाणीघराची जाळी रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली आहे का, ते पाहा. तशी असेल तर मुख्य लाइन तुंबल्यावर घाण आधी घरात उफाळते. तिथे उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवावी लागते, आणि तीही वेळोवेळी साफ करावी लागते.

पावसाचं पाणी वेगळं. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी झालं. वसाहत वसली तेव्हा यातलं बरंचसं बागांमध्ये मुरायचं; आता बहुतेक अंगणांत फरशी. शिवाय फरशीवर फरशी चढत गेल्याने अंगण उंच होतं आणि भिंतीतला ओल अडवणारा थर जमिनीत गाडला जातो. तो थर जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी वर हवा, आणि भिंतीलगतच्या पहिल्या ३ मीटरमध्ये दर मीटरला ५ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला उतार हवा. जोराच्या पावसानंतर तासाभरात एकदा चक्कर मारा. एवढ्यात कळतं.

पाण्याच्या नळांचंही पाहा. सुरुवातीला जोरदार धार येऊन लगेच मंदावली, तर जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद झालेत असं समजा. दाब ठीक असतो, पण पुरेसं पाणी पुढे सरकत नाही. स्वयंपाकघराचा आणि न्हाणीचा नळ एकदम उघडून १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा.

पायवाट:
रस्त्याबद्दल. शाळेच्या वाटेवर ५० मीटर अंतर मोजून खुणा करा आणि शाळा भरायच्या वेळी स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. गाडीला हे अंतर कापायला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंद लागले तर ५०. चाळीस गाड्या मोजा. सरासरी काढू नका. सर्वांत वेगवान सहा बाजूला ठेवून सातवीचा वेग पाहा. रस्त्याचा खरा वेग तोच धरायचा.

चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाला गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ५० ला २८ लागतात. धडकेतली ऊर्जा तर पावणेतीन पटींहून जास्त. वसाहत शांत असूनही गाड्या पळतात, कारण रस्ते त्या काळी ऐसपैस आखलेले असतात आणि मुख्य रस्ता तुंबला की लोक आतून काढतात. म्हणून रविवारी दुपारी पाहून काही कळत नाही, कामाच्या दिवशी सकाळी जा.

आता ओलांडण्याचा हिशेब. मूल सेकंदाला साधारण १ मीटर चालतं असं धरा. ७ मीटर रुंद रस्त्याला ७ सेकंद; तेवढ्यात ५० च्या वेगाची गाडी ९७ मीटर येते. म्हणजे दोन्ही बाजूंना १०० मीटर स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि तेही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. खाली बसून पाहा. कुंपणाची मेंदी आणि कोपऱ्यावर लावलेल्या गाड्या तेव्हाच खुपतात. नऊ वर्षांच्या मुलाला गाडीचा वेग नीट जोखता येईलच असं नाही, त्यामुळे एकही अवघड चौक वाटेत असेल तर सोबत हवीच. वळसा पडला तरी कमी चौकांची वाट निवडा.

वायरमन_काका:
थोडक्यात लिहितो. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का पाहा, 'टेस्ट' बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, मोजूनच घ्या. २३० व्होल्टवर ३ किलोवॉटची शेगडी १३ अँपिअर ओढते आणि गाडीचा ७ किलोवॉटचा चार्जर ३० च्या वर. जुनी वायर हा भार सोसत नाही, मीटरपासून नवी लाइन ओढावी लागेल.

आणि कृपा करून जुना रंग कोरडा घासू नका. त्या वयाच्या घरात खालच्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीसुद्धा १९७८ मध्ये. खिडकीच्या चौकटी घासल्या जातात तिथे पोपडे आणि धूळ जास्त, आणि धाकट्याच्या वयाची मुलं हात तोंडात घालतात. आधी तपासणी, मग ओलं करून घासणं. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, तोडूही नका.

कोपऱ्यावरचं_घर:
फार उपयोगी. भिंतीपासून ४ मीटरवर मोठं झाड आहे, बुंधा साधारण ५० सेंटिमीटर. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग आहे. झाड काढून टाकावं का?

निचरा:
घाई नको. माती चिकण असेल तर झाड पाणी ओढतं, माती आकसते आणि पाया खचतो. पण मोठं झाड एकदम काढलं की तीच माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जातो. भेगेच्या दोन्ही टोकांना तारीख लिहून पेन्सिलची खूण करा, रुंदी मोजा. ५ मिलिमीटरच्या आत आणि स्थिर असेल तर बहुधा गिलाव्याचं काम. वाढत असेल, वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. मुळांसाठी बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्या धरतात, म्हणजे तुमच्याकडे ६ मीटर. घर आधीच त्या वर्तुळात आहे, तेव्हा तिथे नवा चर खणू नका.

पायवाट:
कागदपत्रांतलं एक राहिलं. मागची वाढीव खोली मंजूर नकाशात आहे का आणि तिच्याखालून शेजाऱ्यांची सामाईक ड्रेनेज लाइन जाते का, हे विचारा. जात असेल तर दुरुस्तीसाठी तुमच्या खोलीची जमीन फोडावी लागेल. शाळेचा प्रवेश पत्त्यावर ठरत असेल तर घराच्या नेमक्या क्रमांकासाठी शाळेकडून लेखी घ्या, हद्द कधीकधी रस्त्याच्या मधून जाते. आणि संध्याकाळी पाच ते सात बागेत थांबून मुलं मोजा. सगळी कुटुंबं एकाच दशकात आलेली असतील तर त्यांची मुलं मोठी होऊन गेलेली असतात, आणि तुमच्या मुलांच्या वयाचं कोणी सापडत नाही.